मर्यादित आवृत्तीतले बाबासाहेब: भिंत आपली, चित्र कोणाचे?

बिद्री म्हटले की लोकांना दूधगंगा-वेदगंगा साखर कारखाना आठवतो. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते आणि रस्त्याकडेच्या भिंती धुळीने माखतात. याच परिसरातल्या एका वस्तीत समाजमंदिराच्या भिंतीवर बाबासाहेबांचे एक मोठे चित्र आहे. मी कामानिमित्त तिथे नेहमी जाते. निळा कोट, लाल टाय, खिशाला पेन, हातात संविधान, म्हणजे आपण हजार ठिकाणी पाहिलेले बाबासाहेब. फक्त मागे संसद भवन नाही, उसाचा फड आहे. आणि खाली कोपऱ्यात मोळीवर बसून पाटी गिरवणारी एक मुलगी आहे.

हे चित्र काढणाऱ्यांना वस्तीत सगळे पेंटरमामा म्हणतात. पूर्वी ते दुकानांचे बोर्ड, ट्रॅक्टरवरची नावे, लग्नाच्या दारावरचे गणपती रंगवायचे. फ्लेक्स आला आणि त्यांचा धंदा बसला. जयंतीसाठी मंडळाने वर्गणीतून नऊ हजार रुपये दिले, रंगही त्यातच. अकरा दिवस शिडीवर उभे राहून त्यांनी चित्र पुरे केले आणि खाली उजव्या कोपऱ्यात स्वतःचे नाव व मंडळाचे नाव लिहिले.

यंदा त्यांच्या भाचीने मोबाईल माझ्यापुढे धरला. एका शहरी विक्रेत्याच्या पानावर हेच चित्र होते, जाड कागदावर छापलेले, पांढऱ्या फ्रेममध्ये. ‘स्ट्रीट आर्ट, मर्यादित आवृत्ती, फक्त ५० प्रती’, किंमत ३,५०० रुपये. फड होता, मुलगी होती. खालची वीतभर पट्टी मात्र कापलेली होती. नेमकी नावांची.

मामांना दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “ताई, रंग झ्याक आलाय की. माझं नाव कुठं गेलं?”

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. आपल्याकडे गावोगाव अशा भिंती आहेत, आणि आपले रंग, आपली प्रतीके आता कलादालनांना आणि दुकानांना हवीशी वाटू लागली आहेत. पुढे काय काय होऊ शकते आणि आपल्या हातात काय आहे, हे आपल्याला माहीत असायला हवे.

‘७/५०’ म्हणजे काय

आधी मर्यादित आवृत्ती हा प्रकार समजून घेऊ. छापील चित्राखाली पेन्सिलने ७/५० असे लिहिलेले असते. पन्नास प्रतींपैकी ही सातवी, असा त्याचा अर्थ. बाजूला चित्रकाराची सही. ही पद्धत मुद्राचित्रकारांची आहे. तांब्या-जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने कोरलेले किंवा लाकडात खोदलेले चित्र ठराविक प्रती काढल्यावर झिजते, रेषा बोथट होतात, म्हणून प्रती मोजून काढायच्या. काम संपले की त्या पत्र्यावर आडवी रेघ मारून तो बाद करायचा, म्हणजे चोरून आणखी प्रती निघू नयेत. नागपूरचे चित्रकार सवी सावरकर यांनी अस्पृश्यतेचा इतिहास याच कोरीव मुद्राचित्रांतून मांडला आहे. गळ्यातले मडके आणि पाठीचा झाडू ज्यांनी त्यांच्या चित्रांत पाहिला, त्यांना ती माणसे विसरता येत नाहीत.

पण आजच्या बहुतेक प्रती स्क्रीन प्रिंटिंगने किंवा सरळ संगणकाच्या प्रिंटरने निघतात. जयंतीचे टी-शर्ट आणि लग्नपत्रिका ज्या जाळीतून निघतात तीच ही जाळी. प्रिंटरमधली फाइल तर कधीच झिजत नाही. पन्नास काढा नाहीतर पन्नास हजार, शेवटची प्रत पहिल्यासारखीच येते. म्हणजे ‘मर्यादित’ हा आता यंत्राचा नाइलाज नाही. विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला दिलेला तो शब्द आहे. पन्नासच्या वर छापणार नाही, या शब्दाचे पैसे घेतले जातात.

रस्त्यावरच्या कलेत हे जास्त विचित्र दिसते. भिंतीवरचे चित्र फुकट असते, येणारा-जाणारा कोणीही बघतो. बॅन्क्सी या इंग्लंडच्या अनाम चित्रकाराचे उदाहरण घ्या. भिंतीवर काढलेली फुगा सोडणाऱ्या मुलीची त्याची प्रतिमा पुढे मोजक्या प्रतींत छापून विकली गेली. तिचीच एक चौकटीतली आवृत्ती २०१८ मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे १० लाख पौंडांना गेली आणि हातोडा पडताच चौकटीत लपवलेल्या यंत्राने अर्धी फाडली. २०२१ मध्ये तेच फाटके चित्र १ कोटी ८५ लाख पौंडांवर विकले गेले. स्वामित्वहक्काची टर उडवणाऱ्या याच चित्रकाराच्या बाजूने पुढे युरोपात फुले फेकणाऱ्या माणसाच्या चित्रावर ट्रेडमार्कचा हक्क सांगितला गेला. तो २०२० मध्ये रद्द झाला. टर उडवणे सोपे असते, आपल्या चित्रावर दुसऱ्याचे दुकान चालू झाले की कळते.

आपली परंपरा याच्या नेमकी उलट आहे. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या स्वस्त छापील चित्रांमुळे ज्यांना देवळाच्या पायरीवरही उभे करत नव्हते त्यांच्या घरात देव आले. १९५६ नंतर ते देव घरातून उतरले आणि त्याच खिळ्यांवर तथागत आणि बाबासाहेब लागले. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांशेजारी फोटोंचे, दिनदर्शिकांचे, बॅजचे ढीग असतात. कोणी कोणाची नक्कल केली हे तिथे कोणी विचारत नाही. ही अमर्यादित आवृत्ती आहे, आणि आपल्या चळवळीची ती ताकद आहे. मामांनीही बाबासाहेबांचा चेहरा एका जुन्या कॅलेंडरवरूनच घेतला होता. कॅलेंडरवाल्याने तो कुठल्यातरी फोटोवरून घेतला असेल.

मग शहरातल्या मुलाने मामांचे घेतले तर बिघडले कुठे? मंडळाच्या बैठकीत एका तरुणाने हाच प्रश्न विचारला. मला तो गैर वाटला नाही.

उसने आणि उचललेले

समाजशास्त्रात शिकताना आम्हाला यासाठी ‘विनियोजन’ असा जड शब्द होता. इंग्रजीत ॲप्रोप्रिएशन. दुसऱ्याची प्रतिमा, वस्तू किंवा शैली घेऊन तिच्यातून आपले काम उभे करणे. कलेत हे नवे नाही आणि सरसकट वाईटही नाही. पण आपल्याकडे याहून नेमके दोन शब्द आहेत. शेजारणीकडून पीठ उसने आणले तर ते परत करायचे असते, निदान कोणाचे आणले हे घरात माहीत असते. उचलले तर यातले काहीच नसते.

शेपर्ड फेअरी या अमेरिकन चित्रकाराचे प्रकरण बघा. २००८ मध्ये त्याने बराक ओबामांचे लाल-निळ्या रंगांतले पोस्टर केले. सुरुवातीला थोड्या प्रती छापल्या, त्या विकून आलेल्या पैशांतून आणखी छापल्या, भिंतींवर चिकटवल्या. पोस्टर जगभर गेले. मूळ फोटो मात्र असोसिएटेड प्रेसच्या छायाचित्रकाराने २००६ मध्ये काढलेला होता. त्याचे नाव नव्हते, परवानगी नव्हती. २००९ मध्ये प्रकरण कोर्टात गेले, २०११ मध्ये तडजोड झाली. मधल्या काळात कोणता फोटो वापरला हे लपवण्यासाठी फेअरीने पुरावे नष्ट केले आणि त्याबद्दल २०१२ मध्ये त्याला दंड झाला. चित्र ज्या उमेदीसाठी होते ती खरी होती, लपवालपवीही खरी होती.

अँडी वॉरहॉल तर मोठे नाव. लिन गोल्डस्मिथ या छायाचित्रकार बाईंनी १९८१ मध्ये गायक प्रिन्सचा फोटो काढला होता. १९८४ मध्ये एका मासिकाने तो एकदाच वापरण्यासाठी ४०० डॉलरला घेतला. वॉरहॉलने त्यावरून एकाऐवजी चित्रांची मालिकाच केली. २०१६ मध्ये प्रिन्स वारला तेव्हा त्यातले एक चित्र मुखपृष्ठावर छापायला वॉरहॉलच्या प्रतिष्ठानला सुमारे १० हजार डॉलर मिळाले, गोल्डस्मिथबाईंना ना पैसे ना नाव. २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. दोघांची चित्रे एकाच कामासाठी मासिकाला विकली जात असतील, तर नुसती शैली बदलली म्हणून मूळ छायाचित्रकाराचा हक्क संपत नाही, असा त्याचा गाभा.

आपल्याकडेही एप्रिल २०२५ मध्ये कवी आमिर अझीझ यांनी जाहीर तक्रार केली की त्यांच्या कवितेच्या ओळी नामवंत कलावंत अनिता दुबे यांनी न विचारता आपल्या कलाकृतींत वापरल्या आणि त्या दिल्लीच्या दालनात विक्रीला लागल्या. आंदोलनात लोकांनी ती कविता हजारदा म्हटली, तेव्हा कवीने कोणाला अडवले नव्हते. दुबे यांनी नंतर चूक मान्य केली. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. मोर्चातल्या माणसाने घोषणा घेणे आणि कलादालनाने ती किमतीची पट्टी लावून टांगणे, या दोन्ही गोष्टींना ‘वापर’ हा एकच शब्द पुरत नाही.

कोण घेतो आणि कोणाकडून घेतो, हेही पाहावे लागते. बिहारच्या दलित चित्रकार मालविका राज मधुबनी शैलीत बुद्धाचे आणि बाबासाहेबांचे जीवन रंगवतात. ज्या शैलीत पिढ्यान्‌पिढ्या देवादिकांच्या कथा रंगल्या तिच्यात त्यांनी आपला इतिहास घातला. याला उचलेगिरी म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही, भेटला तर त्याच्याशी बोलायला आवडेल.

आणि कोल्हापूरकरांना तर हा धडा घरबसल्या मिळाला. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा कंपनीने जे चामडी सँडल दाखवले, ते बघून आपल्या जिल्ह्यातले लहान पोरही म्हणाले असते, हे कोल्हापुरी पायताण. कोल्हापूरचे नाव कुठेच नव्हते. या चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. गदारोळ झाला, कंपनीने मूळ मान्य केले, तिची माणसे कोल्हापुरात येऊन गेली. उच्च न्यायालयातली जनहित याचिका मात्र टिकली नाही, कारण याचिकाकर्ते त्या मानांकनाचे नोंदणीकृत मालक नव्हते. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने महाराष्ट्राच्या संत रोहिदास आणि कर्नाटकच्या बाबू जगजीवनराम चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. इथे बनवलेले २,००० जोड, किंमत सुमारे ८०० युरो. तीही मर्यादित आवृत्तीच. या साऱ्या चर्चेत ‘कोल्हापूरचा वारसा’, ‘भारतीय कारागिरी’ हे शब्द खूप ऐकू आले. चामडे कमावणारे, शिवणारे हात कोणत्या जातींचे आहेत आणि त्याच कामासाठी त्यांना गावाबाहेर का राहावे लागले, हे फार थोड्यांनी उच्चारले. वस्तूला वारसा म्हणायचे आणि माणसाचे नाव खाली कापून टाकायचे. पेंटरमामांची वीतभर पट्टी मला तिथेही दिसली.

कायदा कोणाच्या बाजूने आहे

विक्रेत्याला मी मंडळाच्या वतीने संदेश पाठवला होता. उत्तर नम्र होते. भिंत सार्वजनिक आहे, फोटो मी काढला आहे, आंबेडकरी कलेला मान मिळावा हाच हेतू आहे. तिन्ही मुद्दे आपल्यातही अनेकांना पटतात, म्हणून ते तपासू.

पहिला मुद्दा भिंतीचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचे चित्र किंवा फोटो काढून प्रसिद्ध करायला मोकळीक आहे. म्हणजे कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी, बाबासाहेब हयात असताना, भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने उभा राहिलेला त्यांचा पुतळा घ्या. त्याचे रेखाचित्र काढून कोणी विकले तर कायदा अडवत नाही. पण ही सवलत शिल्पाला आणि कलाकुसरीच्या कामाला आहे. रंगवलेल्या चित्राचे नाव त्या तरतुदीत नाही. भिंतीवर असले तरी चित्र ते चित्रच. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर असेच प्रकरण आले. मुंबईतले एक भव्य भित्तिचित्र अॅको या विमा कंपनीने जाहिरातीच्या फलकावर वापरले होते. स्टार्ट इंडिया फाउंडेशन ही संस्था आणि चित्रकर्ती कोर्टात गेल्या. न्यायालयाने सकृतदर्शनी त्यांची बाजू मानली आणि जाहिरात काढायला लावली.

दुसरा, फोटोचा. फोटो त्याने काढला हे खरे, पण पूर्ण चौकटभर फक्त ते चित्रच असेल तर ती चित्राची नक्कल आहे. पुस्तकाची झेरॉक्स काढणारा पुस्तकाचा लेखक होत नाही.

“पण मामांनीही कॅलेंडरवरूनच घेतले ना?” हा त्या तरुणाचा प्रश्न उरतोच. बाबासाहेबांच्या चेहऱ्यावर मामांचा हक्क नाही, कोणाचाच नाही. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखनही १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुले झाले आहे, कारण आपल्याकडे हक्काची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आहे. मामांचे जे आहे ते त्यांनी घातलेले: मागचा फड, मोळीवरची मुलगी, तिची पाटी, उन्हाचा तो पिवळा रंग. विक्रेत्यालाही नेमके तेच आवडले होते. संसद भवनाची चित्रे हवी तितकी मिळतात, ती त्याने घेतली नाहीत.

आता आपल्या मंडळांनी नीट वाचावा असा भाग. कलम १७ म्हणते की पैसे देऊन कोणी चित्र काढून घेतले आणि वेगळा करार केला नाही, तर त्या चित्राचा पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे परवानगी देण्या-न देण्याचा हक्क मामांचा नाही, मंडळाचा निघाला! बैठकीत हे सांगितले तेव्हा दोन-तीन जणांचे चेहरे खुलले, मामांचा उतरला. पण कलम ५७ आहे. मालकी कोणाकडेही असो, हे चित्र मी काढले हे सांगण्याचा हक्क कलावंताकडेच राहतो, आणि त्याच्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड झाली तर तो दाद मागू शकतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकले होते. शिल्प सरकारनेच करवून घेतलेले. तरीही २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते शिल्पकाराला परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. त्यामुळे ती कापलेली पट्टी हा मामांचा स्वतःचा, मंडळालाही न देता येणारा हक्क आहे. यासाठी आधी कुठे नोंदणी केलेली असावी लागते असेही नाही.

तिसरा मुद्दा मानाचा. त्याबद्दल फार लिहीत नाही. ज्याचा मान करायचा त्याचे नाव आधी कात्रीने कापायचे नसते. तथागतांच्या मूर्तीचे आपण हेच होताना पाहतो. हॉटेलच्या दिवाणखान्यात, सलूनमध्ये, दारूच्या दुकानात मानेपासून तोडलेले बुद्धाचे डोके ‘शांत’ दिसते म्हणून ठेवलेले असते. लेण्यांतून आणि मंदिरांतून मूर्तींची शिरे तोडून नेऊन विकली गेली, त्या चोरीतून ही फॅशन आली, हे ठेवणाऱ्याला माहीतही नसते. मला त्याचा राग येतो, पण बंदी आणि तुरुंग हा मार्ग मला मान्य नाही. म्यानमारमध्ये २०१५ साली हेडफोन लावलेल्या बुद्धाची जाहिरात केली म्हणून बारच्या तिघांना सक्तमजुरी झाली. धम्म त्याने वाढला असे मला वाटत नाही.

बैठक

आमची बैठक अडीच तास चालली. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, बाबासाहेबांवर पैसे मिळवायचेच नाहीत, प्रती फाडून टाकायला लावा. मुले म्हणाली, पन्नास गुणिले साडेतीन हजार म्हणजे पावणेदोन लाख, त्यातले निम्मे मागा, अभ्यासिकेचे छत होईल. महिला मंडळाच्या अध्यक्षा म्हणाल्या, छत नंतर, आधी मामांचे ठरवा, नऊ हजारात अकरा दिवस उन्हात उभे केले तेव्हा आपण तरी काय केले? यावर थोडी शांतता झाली.

शेवटी साध्या कागदावर दोन गोष्टी लिहिल्या. एक, मंडळ आणि मामा यांच्यात: चित्राच्या प्रती कोणी काढल्या तर मिळेल त्याचा अर्धा वाटा मामांचा, आणि त्यांच्या नावाशिवाय एकही प्रत नाही. कायद्यात हक्काचे हस्तांतर लेखी लागते, म्हणून दोन्हीकडच्या सह्या आणि तारीख घातली. दुसरी, विक्रेत्याला नोटीस: उरलेल्या प्रती थांबवा, विकलेल्यांचा हिशेब द्या, यापुढे छापायचे तर पूर्ण चित्र छापा. तालुक्यातल्या एका ओळखीच्या वकिलांनी पैसे न घेता ती तपासून दिली.

विक्रेत्याने पानावरून चित्र काढले आहे. बारा प्रती गेल्या असे तो म्हणतो. हिशेब अजून आलेला नाही. आम्ही दुसरे पत्र तयार ठेवले आहे.

ज्या मंडळांनी यंदा भिंत रंगवून घेतली असेल त्यांनी आपल्या पेंटरबरोबर असा एक कागद आत्ताच करून ठेवावा. चित्र पूर्ण झाल्याच्या दिवशी पेंटरला भिंतीशेजारी उभे करून तारखेसह एक फोटो काढावा. आम्ही तेवढेही केले नव्हते. सगळी मदार एका पोराच्या मोबाईलमधल्या जयंतीच्या व्हिडिओवर होती, त्यात मागे शिडीवर मामा दिसतात.

पावसाआधी मामांनी भिंतीला परत हात लावला. कोपऱ्यातले जुने नाव तसेच ठेवले, आणि एक बारीक ब्रश घेऊन मोळीवरच्या मुलीच्या पाटीवर, अ आ इ ई च्या खाली, आणखी एकदा लिहिले. मी म्हटले, मामा, आता कसे कापणार? ते म्हणाले, “कापू दे की. पोरगीच कापावी लागंल.”